कडुलिंबावरची सहा गाठोडी

माय,

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या मुलांबरोबर सातपुड्यात गेले होते. पाठीवर पिशव्या, पिशवीत तंबू, पीठ, डाळ, तेलाची बाटली, आणि तीन दिवस चालणं. हल्ली लोक हौसेनं जातात. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, "कावून? घर पडलं का त्यायचं?" पहिल्या मुक्कामाला आमच्या सोबतच्या माणसानं सगळ्यांना गोल बसवलं. पंचविशीतला मुलगा, आवाज शांत. म्हणाला, हा अस्वलांचा भाग आहे. जिथे झोपायचं तिथे खायचं नाही. तंबूत बिस्किटाचा तुकडाही ठेवायचा नाही, दात घासायची पेस्टसुद्धा नाही, कारण तिलाही वास असतो. सगळं एका पिशवीत भरायचं, शंभर पावलांवर झाड शोधायचं, फांदीवरून दोर टाकून पिशवी वर ओढायची. खोडापासून हातभर लांब, जमिनीपासून दोन पुरुष उंच. दोराचं दुसरं टोक शेजारच्या झाडाला. मुलं वहीत लिहून घेत होती. मी काही लिहिलं नाही. त्यानं मला पिशवीचं तोंड बांधायला सांगितलं. मी बांधलं. तो वाकून पाहत म्हणाला, "मॅडम, ही कुठली गाठ?" मी म्हटलं, घरची.

दोन पीळ, मग शेव उलटा आत घ्यायचा आणि डाव्या बाजूला सोडायचा. तू दुसरी गाठ कधी बांधली नाहीस. मला दुसरी येत नव्हती.

त्या वर्षी आपल्या भागात पाऊस आला नाही. जवळच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही, कारण गाळायला ऊस नव्हता. आपली टोळी दरवर्षी तिथे ऊसतोडीला जायची. त्या वर्षी मुकादमानं कर्नाटकातल्या एका सहकारी कारखान्याचं काम धरलं. सहा कोयत्यांची टोळी, त्यातला एक कोयता तू आणि दादा. कोयता म्हणजे जोडपं, हे इथे माझ्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी समजावून सांगावं लागतं. माझी शाळा सुटली, कारण मागे सांभाळायला कुणी नव्हतं आणि प्यायला टँकरचं पाणी. मी दहा वर्षांची. धाकटा माझ्या कडेवर. वडवणीच्या फाट्यावर ट्रकमध्ये सामान चढताना तू विहिरीवरचा पोहऱ्याचा दोर गुंडाळून आणला होतास. दादा म्हणाले, "ह्यो कशाला? तितं काय हिर हाय का?" तू म्हणालीस, "हितं तरी कुटं हाय." आणि दोर ट्रकमध्ये टाकलास.

पोचलो तिथे एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला दगडांचे डोंगर. कुणीतरी गोल दगड एकावर एक रचून विसरून गेल्यासारखे. आणि मध्ये कालवा. काठोकाठ भरलेला, आवाज न करता वाहणारा. मी त्याआधी इतकं पाणी पाहिलं नव्हतं. लिंबागणेशच्या जत्रेत पाहिलेली विहीर एवढीच माझी पाण्याची मोजणी. पाचट आणि बांबूच्या कोप्या उभ्या करेपर्यंत मी धाकट्याला घेऊन कालव्याच्या कडेला बसून राहिले, आणि तू दोनदा ओरडलीस.

दुसऱ्या दिवशी कालव्याचा राखणदार आला. म्हातारा, डोक्याला हिरवं फडकं, दखनी बोलणारा. बीडच्या बाजारात ती बोली तुझ्या कानावरून गेलेली होती. तो कोप्यांतून फिरला, तेलाच्या बाटल्या पाहिल्या आणि तुझ्यापुढे येऊन उभा राहिला. "अम्मा, तेल अंदर नक्को रखो. गुड नक्को. रोटी नक्को. रीछ आता. उनो पहाड के मंदिर में आके दिवे का तेल भी पी के जाता."

"आता गं बया, देवाचं बी सोडत न्हाई?"

"देव उसको कुछ नै बोलता ना, अम्मा."

तू हसलीस. त्या हंगामात तुला हसताना पाहिल्याचं मला एवढंच आठवतं. मग त्यानं झाड दाखवलं, कोप्यांपासून लांब, एक कडुलिंब. दोर कसा टाकायचा तेही त्यानंच दाखवलं. सगळ्या बायकांना तू गोळा केलंस. एकटीनं वर बांधून उपयोग नव्हता. एका कोपीत तेल राहिलं तरी अस्वल सगळ्या कोप्यांत येणार. मुकादमीण, म्हणजे मुकादमाची बायको, आधी नाक मुरडत होती. "आमचं गाठुडं तुमच्या गाठुड्याबरं? उद्या कुनाचा गूळ कुनाच्या तोंडात?" पण राखणदारानं तिला डोंगराकडच्या मातीतला पंजा दाखवल्यावर तीही आली. पीठ पत्र्याच्या पेट्यांत राहिलं, वर दगड ठेवून. तेल, गूळ, चटणी आणि उरलेल्या भाकरी मात्र सहा धडप्यांत, सहा गाठोडी, एका दोरावर. खोडाभोवती तू बाभळीच्या काट्यांचा वेढा घातलास. दादा संध्याकाळी उसाच्या फडातून आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "काय ओ, भाकरीला फाशी दिली का काय?" सगळी टोळी हसली. पण ते झाड पक्कं होतं. दोन महिने अस्वल आलं, खाली फिरलं, माती उकरली आणि गेलं. मातीत खुणा दिसायच्या. वर कुणी पोचलं नाही.

दोराची पाळी आठवड्याला एकीची. सकाळी फडात जाण्याआधी गाठोडी वर ओढायची, संध्याकाळी उतरवून ज्याची त्याला द्यायची, रात्री जेवणं झाली की पुन्हा वर. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पाळी तेलगावचीची होती. तिला सगळे माहेरच्या गावानंच ओळखायचे. पंचवीस-सव्वीसची असेल. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. पाणवठ्यावर बाकीच्या बायका तिला पुढे होऊ द्यायच्या नाहीत. तू तिच्या डोक्यावर हंडा चढवून द्यायचीस. त्याबद्दल तू काही बोलली नाहीस आणि तीही नाही.

त्या आठवड्यात सहाव्या दिवशी संध्याकाळी एकीनं सहज म्हटलं, आमचे मालक न सांगता भाकरी खातात बघा, परवा एक कमी भरली. दुसरी म्हणाली, माझीपण. तिसरी म्हणाली, मला वाटलं मीच चुकले. मग सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. पाच गाठोड्यांतून पाच दिवसांत एकेक भाकरी गेली होती. आपलं गाठोडं तेवढं पुरं होतं, पण तेव्हा ते कुणी विचारलं नाही. मुकादमीण उठून तेलगावचीपुढे उभी राहिली.

"दोरी कुनाच्या हातात हाय या हप्त्यात?"

"माज्या. पर म्या हात लावला न्हाई."

"मंग भाकरीला पाय फुटले का?"

"मला काय म्हाईत. लेकराची आन घिऊन सांगते—"

"कंच्या लेकराची?"

कुणीतरी हसलं. तू चुलीपुढून ओरडलीस, "जिभेला हाड हाय का न्हाई गं तुज्या?" पण मुकादम तोवर आला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, हे मला अजून आठवतं. तो तिच्या नवऱ्याला म्हणाला, "उद्या सांच्याला ट्रक जातोय. बसा अन् जा. चोराबरं काम न्हाई हुयाचं." नवरा खाली पाहत राहिला. त्यांच्या गावात त्या वर्षी काय होतं? टँकर, आणि बंद घर. आणि तिच्यामागे चोरीचं नाव जाणार होतं, जे पुढच्या कुठल्याही टोळीत तिच्या आधी पोचलं असतं.

त्या संध्याकाळी तू मला पीठ मळायला बसवलंस. मी परातीत हात घातला आणि ओठ दाबले. तू माझा हात धरलास, उलटा केलास. तळव्यावर दोराचे दोन वळ होते, एक फुटलेला. दुसऱ्या हातावर तसेच. तू बराच वेळ पाहिलंस. मला वाटलं आता मार बसेल. तू कधी मारायचीस तेव्हा आधी पदर खोचायचीस. तू पदर खोचला नाहीस. अगदी हळू विचारलंस,

"भूक लागली व्हती?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मला सांगायचं न्हाई का गं." एवढंच. मग तू माझ्या हातावरचं पीठ पुसलंस आणि परात आपल्याकडे ओढलीस.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तू सगळ्यांना झाडाखाली बोलावलंस. "या गं समद्याजनी, हिकडं या!" काट्यांचा वेढा एका बाजूनं विस्कटलेला होता. खोडाच्या सालीवर पाच-पाच ओरखड्यांच्या दोन ओळी, खालून वर गेलेल्या, आतलं ओलं लाकूड दिसत होतं. "बगा. ह्ये चढलं व्हतं. अन् तुमी त्या बिचारीला चोर म्हनता." बायांनी तोंडाला पदर लावले. मुकादमानं सालीवरून बोट फिरवलं. संध्याकाळचा ट्रक तेलगावचीला न घेता गेला. मी कोपीच्या दाराशी उभी होते. तुझा कोयता आत कुडाला अडकवलेला होता. त्याच्या टोकाला हिरवी साल चिकटलेली होती, आणि कोपीभर कडुलिंबाचा कडू वास. मी पाचट घेऊन ते टोक पुसलं. तुला ते माहीत होतं का, कोण जाणे.

तू दोघींना वाचवलंस, एका खोट्यात. त्याच्या पुढचं तुला त्या वेळी सुचलं नसणार. कोणाला सुचलं असतं? अस्वल झाडावर चढतं म्हटल्यावर झाडाचा काय उपयोग, असं सगळे म्हणाले. त्याच दिवशी गाठोडी खाली आली आणि जो तो आपलं तेल-गूळ आपल्या कोपीत घेऊन गेला. डोळ्यांसमोर राहील, राखता येईल, असं मुकादमाचं मत. तू म्हणालीस, काटे दुप्पट लावू. तू म्हणालीस, बारीक फांदी बघू. राखणदारानंही सांगून पाहिलं. दादा वैतागले. "अगं, पंजे तूच दावले ना?" तू गप्प झालीस. तेव्हा मला वाटायचं, त्या सहा कोप्यांत फक्त तुला आणि मला ठाऊक आहे की झाड पक्कं आहे, आणि ते तुला सांगता येत नव्हतं. आपलं गाठोडं तू सगळ्यांत शेवटी उतरवलंस. विहिरीचा दोर गुंडाळून उशाखाली ठेवलास. आठ दिवस तू नीट झोपली नाहीस. मी झोपत होते.

नवव्या दिवशी पहाटे, बाया चुली पेटवत होत्या. तेलगावचीची कोपी डोंगराच्या बाजूला, शेवटची. ती कालव्यावरून पाणी घेऊन आली, दाराचं पोतं बाजूला केलं. ते आत होतं. तेलाच्या बाटलीशी. तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. हंडा पडल्याचा आवाज आधी आला. गड्यांनी पत्रे बडवले, पेटती चिपाडं फेकली, आणि ते उसात शिरून निघून गेलं. तिचा उजवा डोळा गेला. गालापासून कपाळापर्यंत कातडं उघडलं होतं. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसलीस आणि तुझ्या लुगड्याचा रंग कळेनासा झाला. ट्रक हलताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, रागानं. आता वाटतं, मी तुझ्या डोळ्यांत पाहू नये म्हणून.

महिन्यानं ती परत आली, एका डोळ्याची. तोवर तू दोन बायकांचं काम केलंस. तिच्या नवऱ्यानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या तू बांधल्यास, तू ट्रकवर चढवल्यास. ती आल्यावरही तिला फळीवरून मोळी घेऊन चढू दिलं नाहीस. टोळीत सगळे म्हणायचे, सख्खी बहीण करायची नाही असं केलं. मुकादमीणसुद्धा म्हणायची. ते ऐकलं की तू उठून जायचीस. पुढे पाऊस झाला, आपल्याकडचा कारखाना पुन्हा पेटला, टोळ्या घरच्या जवळ राहिल्या. दरवर्षी तू मुकादमाला आधी विचारायचीस, तेलगावची हाय का? ती असेल तरच तू कोयता उचलायचीस. तुझ्या अंगात ताप असला तरी तिची मोळी तू चढवायचीस. तुझा मणका त्यातच गेला असं डॉक्टर म्हणाला होता. मी त्याला कारण सांगितलं नाही.

आणि अर्धी भाकरी. त्या हंगामापासून तू रोज तुझी भाकरी मधोमध मोडून अर्धी माझ्या ताटात टाकायचीस. मी वसतिगृहातून सुट्टीला यायचे, तेव्हाही. मी नोकरीला लागले, माझ्याकडे गॅस आला, डब्यात पीठ मावेना, तेव्हाही. माझ्या नवऱ्यादेखत तू भाकरी मोडलीस आणि त्याला गंमत वाटली. "खा. लाजू नको." मी म्हणायचे, पोट भरलंय माय. तू ऐकायची नाहीस. तू माझ्याकडे अशी पाहायचीस की मी खायचे. पोटच्या पोरीला चोरी करावी लागली इतकं आपण तिला उपाशी ठेवलं, हे तू बावीस वर्षं अर्ध्या अर्ध्या भाकरीनं फेडत होतीस. शेवटच्या दवाखान्यातसुद्धा तू ताटलीतली पोळी मोडून माझ्याकडे सरकवलीस. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो.

तुझ्या तेराव्याला तेलगावची आली होती. गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ बसली. तिच्या त्या बाजूला बसलं की तिला आपण दिसत नाही, म्हणून मी उठून दुसरीकडे बसले. ती म्हणाली, "एक सांगू का? तवा भाकरी गेल्या ना, त्या तुज्या मायनं घितल्या व्हत्या." तिनं आवाज खाली घेतला. "रोज एक गाठ बदललेली दिसायची. म्या वळखली, तुज्या मायची गाठ. गाठुडी द्यायच्या आदी म्या सोडून ठिवायचे, कुनी बघू ने म्हनून. तिलाच भूक लागली आसंल म्हनलं. लेकरायला घालून तिच्या ताटात काय ऱ्हात व्हतं? पोटाला कोन इचारतंय."

मी विचारलं, मग तुम्हाला ठाऊक होतं झाडावर अस्वल चढलं नव्हतं?

"म्हाईत व्हतं की."

मग तेल कोपीत का नेलं?

"म्या एकटीनं झाडावर ठिवलं आसतं, तर म्हनले आसते, हिलाच कसं अस्वलाचं भ्या न्हाई? तुज्या मायचं उगडं पडलं आसतं. अन् माजं बी." मग ती हसली, अर्ध्या चेहऱ्यानं. "जाऊ दी. तिनं लई केलं माज्यासाटी. तिच्या मनाला लागलं व्हतं. तू रागवू नको तिच्यावर. भूकंनं मानूस काय बी करतं."

आणि मी मान हलवली. दुसऱ्यांदा.

तू गेलीस त्याला आता वीस वर्षं होतील. मागच्या आठवड्यात सातपुड्यात सकाळी ती पिशवी उतरवायला मीच गेले. दोर सोडला, तळव्याला तोच चटका बसला. मुलं अजून तंबूत होती. खाली ओढा वाहत होता. मी पिशवीतली एक शिळी पोळी काढली आणि काठावर बसून राहिले, आणि मग ती परत आत ठेवली.

माय, मला भूक नव्हती. त्या आठवड्यात एकही दिवस मी उपाशी नव्हते. तू मला पोटभर घालत होतीस. तुझं पोट मारून घालत होतीस हे मला दिसत होतं, तरी माझं भरत होतं. कालव्यात मासे होते. पहिल्या दिवशी धाकट्याच्या हातातला तुकडा पाण्यात पडला आणि चार तोंडं वर आली. मी तसलं काही पाहिलं नव्हतं. भरलेलं पाणी, आणि त्यात तोंडं. आपल्या भाकरी तू मोजून ठेवायचीस म्हणून मी दुसऱ्यांच्या घेतल्या. रोज एक, रोज वेगळ्या गाठोड्यातली. धाकटा टाळ्या वाजवायचा. मी तुकडे करून सगळी भाकरी पाण्यात टाकायचे, तासभर पुरवायचे. एक घासही खाल्ला नाही. तू विचारलंस तेव्हा मासे म्हणायला तोंड उघडलं नाही. भुकेला तू मारणार नव्हतीस. मान हलवणं सोपं होतं.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू नाहीस. म्हणून हे तुला लिहिलं. तेलगावची अजून आहे. नवरा गेल्यावर माहेरी परतली, भाच्याच्या घरी राहते. बाजारतळाच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून, निळ्या दाराचं घर. त्या घरातली एक मुलगी सातवीत आहे. ती वाचून दाखवू शकेल.

पत्ता मला पाठ आहे.